मास्तरांचं बोर्डिंग

कात्री कापडावर टेकवायची, चष्म्यावरून बघायचं आणि म्हणायचं, "आमच्या बोर्डिंगात असलं चालत न्हवतं." राजारामपुरीतल्या आमच्या गणवेशाच्या दुकानात हे रोज एकदा तरी व्हायचंच. कुणाचं बटण तिरकं बसलं, कुणी डबा एकट्यानंच खाल्ला, की मास्तरांची कात्री टेकली.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, हात कापडावर आणि मन भलतीकडेच. मी काजं-बटणाला होते. आठवीत शाळा सुटली, पुढं लग्न झालं आणि नवऱ्याच्या फौंड्रीतल्या कामापायी गोंदियाकडून इतक्या लांब कोल्हापुरात आले. कुणी शिक्षण विचारेल या धास्तीनं मी गिऱ्हाइकाकडे बघतही नसे. मास्तरांनी कधी विचारलं नाही. ते बोर्डिंगाच्या गोष्टी सांगायचे.

कळंब्याच्या तळ्यापलीकडे म्हणे कौलारू इमारत होती. प्रत्येक मुलाला लोखंडी कॉट, खाली पत्र्याची ट्रंक. नव्या पोराला पहिल्या रात्री रडू आलं, की शेजारचा मुलगा काही न बोलता आपली उशी त्याच्याकडे सरकवायचा. सकाळी धुक्यातून घंटा यायची. मशीनची घरघर चालू असायची आणि मला ती घंटा ऐकू यायची. तेवढा वेळ घरची आठवण थांबायची.

एकदा ते बोलून गेले, की मैदानावर बर्फ पडायचा. इस्त्रीवाले दादा हसून म्हणाले, "कोल्हापुरात बर्फ, मास्तर?"

"गारा हुत्या त्या. लवकर वितळत न्हवत्या."

मग एका गिऱ्हाइकाचा मुलगा माप देताना पुस्तक विसरून गेला. तो परत येईपर्यंत रोज दुपारच्या सुट्टीत मी ते ओळींवर बोट फिरवत वाचलं. कुठल्या तरी थंड देशातल्या, मुलांच्या वसतिगृहाची जुनी कादंबरी, मराठीत आणलेली. कॉट, ट्रंक, घंटा, सरकवलेली उशी, बर्फ, सगळं त्यात होतं. तळंसुद्धा. दादांच्या हाती लागू नये म्हणून मी ते चिंध्यांखाली ठेवलं.

त्याच आठवड्यात दादांनी गाडीची किल्ली काढली. "चला मास्तर, कळंब्याला जाऊ. दावा की एकदा तुमचं बोर्डिंग. का नुस्त्याच थापा हाणताय?"

मास्तर खडूनं एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा रेघ ओढत राहिले.

"पाडलं ते," मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "आम्ही रविवारी तळ्यावर गेलो होतो. नुसता चौथरा राहिलाय."

दादांनी किल्ली खिशात टाकली. "मग आधी सांगायचं की, वैनी."

संध्याकाळी दुकान आवरताना चिंध्यांखालचं ते पुस्तक मास्तरांच्या हाती लागलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चौथीतनं काढलं मला घरातल्यांनी. त्ये पुस्तक तेवढं वाचाय मिळालं."

"मी आठवीपर्यंत होते." कोल्हापुरात हे पहिल्यांदाच माझ्या तोंडातून निघालं.

"मग तू तर वरच्या वर्गातली की."

दुसऱ्या दिवशी माझं एक काज चुकलं. कात्री टेकली. "आपल्या बोर्डिंगात असलं चालत न्हाय."

आमच्या नाही, आपल्या.

पुढं मास्तर वारले. त्यांच्या टेबलाशी आता दुसरा कटर उभा असतो, तो गाणी लावून काम करतो. थंडीतल्या एखाद्या सुट्टीच्या सकाळी मी कळंब्याला जाते. धुकं असेतोवर तळ्यापलीकडे कौलं दिसतात. खिडकीशी मास्तरांची कॉट, खाली ट्रंक. शेजारची माझी. माझ्या कॉटवर उशा दोन आहेत.