तालमीची टेप

आज सकाळी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आमचे तंत्रज्ञ सावंत खुशीत बसले होते. "मॅडम, जुनी टेप संगणकावर घेतली. दोन तासांची चाळीस मिनिटांत बसवली. नुसतं गाणं ठेवलंय."

टेप आमच्या संगीत विभागाकडे आली तेव्हा मी ती पूर्ण ऐकली होती. एक वयस्क गायिका घरी शिष्येला शिकवताना कुणीतरी ती भरलेली. बाई मध्येच थांबवायच्या, "अगं, गाडी सुटतेय का तुझी? परत घे!" म्हणून खडसवायच्या. शिष्या गाण्यातल्या त्याच जागेवर परत चुकायची. सावंतांनी ते सगळं पुसलं होतं.

"आणि मूळ टेप?"

"भंगाराच्या खोक्यात. बुरशी आलीय."

माझं डोकंच फिरलं. "सावंत, ही शिकवणी होती!"

"पण चुका कशाला ऐकवायच्या लोकांना?"

कशाला? इथे रोज मुलं येतात, घोटून तयार झालेलं गाणं ऐकतात आणि आपल्या गळ्याला दोष देत घरी जातात. त्या शिष्येलाही ती जागा कितीतरी वेळा हुकल्यावर सापडली, हे त्यांना कोण सांगणार? आपल्याला सगळं निवडून, पाखडून हवं असतं. कष्ट दिसले की लाज वाटते.

मी खोकं उपसलं, टेप काढली आणि त्यांच्या टेबलावर आपटली.

"बुरशी पुसा आणि पुन्हा चढवा. एक खोकलासुद्धा कापायचा नाही."

"दोन तास जातील, मॅडम."

"जाऊ देत," म्हटलं, आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसले.