एका खोलीतल्या दोन चुली

सय्यदबाई लोकांच्या घरी नेमक्या जेवायच्या वेळी जायच्या. पुण्यात हा गुन्हाच. आमच्या नारायण पेठेत दुपारी साडेबाराला कडी वाजली, तर आधी आतून ‘कोण आहे’ विचारतात आणि उत्तर ऐकून दार उघडायचं की नाही ते ठरवतात. बाई मात्र पाहणीचे फॉर्म घेऊन भर उन्हात वस्तीत शिरायच्या आणि ताटावर बसलेल्या माणसाला म्हणायच्या, “तुम्ही जेवा निवांत. मी बसते.” आणि खरंच बसायच्या. ताटं उचलली जाईपर्यंत पेन पर्समधून बाहेर यायचं नाही.

हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. मी अर्थशास्त्रात एमए करून एका संशोधन संस्थेत नुकतीच चिकटले होते. या नव्या कंपन्यांमुळे गरीब घरांचं उत्पन्न वाढलं का, हे आम्ही नदीकाठच्या एका वस्तीत तपासत होतो. घरोघर फिरून फॉर्म भरणारे चौघे होते, त्यांत सय्यदबाई सगळ्यांत जुन्या. गंज पेठेत त्यांची चौथी पिढी, आणि मराठी अशी स्वच्छ की माझ्या आईनेही कान द्यावा. मी विद्यापीठात पहिली आलेली, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “आपण वस्तीत कधी येणार?” माझं काम कॉम्प्युटरवर असतं, असं मी ऐटीत सांगितलं. “हो का,” त्या म्हणाल्या, “मग वस्तीलाच इकडे बोलावून घेऊ.”

हे असलं बोलणं मला झोंबायचं. मी फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न उत्पन्नाचा ठेवला होता, तोही त्यांनी शेवटी ढकलला. म्हणाल्या, “उत्पन्न विचारलं की माणूस एक तर लाजतो, नाही तर फुगतो. काल काय शिजलं ते विचारा, त्यात कुणी खोटं बोलत नाही.” मी वरवर हसले आणि मनात म्हटलं, या मला शिकवणार!

फॉर्म कॉम्प्युटरवर चढायला लागले तसं मला काहीतरी खटकलं. बाकीच्या तिघांच्या फॉर्मांत एका दाराआड एक कुटुंब. बाईंच्या फॉर्मात मात्र कित्येक ठिकाणी एकाच घर क्रमांकावर दोन कुटुंबं. एक बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी, दुसरं अगदीच हलाखीत. त्यांना पैसे मिळायचे ते फॉर्मागणिक. झालं! मी संचालकांना टिपण लिहून कळवलं, की सय्यदबाई एका घराचे दोन फॉर्म करून संख्या वाढवत असाव्यात. चोरी पकडल्याचा आनंद झाला होता मला, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी बाईंचं काम थांबलं. पुढच्या पाहणीच्या यादीतूनही त्यांचं नाव गेलं. घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालायचं, पण त्याहून मोठं म्हणजे इतक्या वर्षांच्या कामावर खोटेपणाचा डाग बसला होता.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. आवाज जराही चढला नव्हता. “उद्या साडेबाराला माझ्याबरोबर चला. त्यानंतर मला काय म्हणायचं ते म्हणा.”

गेले. दहा बाय दहाची खोली. ओट्यावर गॅसची शेगडी, त्यावर सून पोळ्या लाटून भाजत होती. मुलगा कॉल सेंटरच्या गाडीवर ड्रायव्हर; तो पोळी आणि अंड्याची भाजी जेवत होता. त्याच खोलीत, दाराजवळ, त्याची आई रखमाबाई रॉकेलच्या स्टोव्हवर आपल्यापुरता भात शिजवत होती. तो उतरवून तिने त्यावर मिठाची चिमूट टाकली, शेजारी एक मिरची घेतली आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. हात लांब केला असता तर मुलाच्या ताटाला लागला असता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या आमच्याच फॉर्मच्या पहिल्या पानावर होती. मला ती तोंडपाठ होती. बाकीचे तिघे सकाळी दहाला जायचे, तेव्हा चुली थंड. त्यांनी दारं मोजली. आणि माझ्या कॉम्प्युटरने मुलांचा पगार अशा कितीतरी आयांच्या ताटात वाढून त्यांना गरिबीतून वर काढलं होतं.

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. चुकले हो मी, म्हटलं. बाई म्हणाल्या, “शंका लेखी होती. माफीही लेखी द्या.”

मी ऑफिसात जाऊन लिहिलं, की अपुऱ्या माहितीमुळे माझा गैरसमज झाला. त्यांनी कागद वाचून परत दिला. “माहिती पुरी होती. प्रत्येक फॉर्मच्या मागच्या पानावर मी चुलीचं लिहिलं होतं. आपण पान उलटलं नाहीत, तसं लिहा.” तसंच लिहिलं. संचालक म्हणाले, तोंडी मिटवा, तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. तरी बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून मी तो कागद वाचला. बाईंना काम परत मिळालं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, बस्स.

मग आम्ही दोघी रोज जेवायच्या वेळी वस्तीत. बाकी तिघांची सगळी घरं पुन्हा केली. अहवाल लांबला, माझ्या परदेशच्या शिष्यवृत्तीची मुदत टळली, घरी बोलणी खाल्ली. पण अहवालाचं उत्तर फिरलं. वस्तीत पैसा आला होता हे खरंच, पण तो कितीतरी म्हाताऱ्यांच्या चुलीपर्यंत पोचला नव्हता. फॉर्म भरणाऱ्यांची नावं आभारात जातात, असं संचालकांनी सांगितलं. मी म्हटलं, मग माझंही आभारातच टाका. शेवटी मुखपृष्ठावर दोन्ही नावं आली.

छापील प्रत घेऊन मी गंज पेठेत गेले. बाईंनी मुखपृष्ठाकडे पाहिलंसुद्धा नाही. आतलं एकेक पान ओळीवर बोट ठेवून वाचत सुटल्या. अर्धा तास मी चहाचा रिकामा कप हातात धरून बसले. अखेर न राहवून विचारलं, काय शोधताय?

“रखमाबाईंचं नाव कुठे आलं नाही ना, ते बघतेय. मुलाला कळलं तर त्यांना घरात राहणं मुश्कील होईल.”

नव्हतं आलं. बाईंनी अहवाल मिटला आणि तेव्हा कुठे त्यांना स्वतःचं नाव दिसलं. त्यावरही त्यांनी बोट ठेवून ते वाचलं. मग लेकीला हाक मारून म्हणाल्या, “बाहेर ये गं, आईचं नाव छापून आलंय.”

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या नावावर पुढे पुष्कळ छापून आलं. पण कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते, मी सय्यदबाईंच्या हाताखाली शिकले.