न्हाणीवरचं लुगडं

बायको जाऊन आठ महिने झाले असतील, तेव्हा आमच्या न्हाणीवर कापड ताणलेलं दिसलं. न्हाणी म्हणजे परसात तुरकाठ्यांचा कूड, खाली फरशी, वर आभाळ. चाळीस वर्षं तशीच होती. मला वाटलं, कावळे शिटत असतील. सुनेला विचारायची सोय नव्हती. मुलगा सुरतला कामाला, आणि सासऱ्यानं सुनेला आंघोळीचं कसं विचारायचं? असलं बोलणं बायकोमार्फत व्हायचं. इकडचं तिकडे तीच करायची. ती गेली आणि घरातला रस्ताच बंद झाला.

एका सकाळी भुंग्यासारखा आवाज आला. घरावर चार पंख्यांचं यंत्र थांबलेलं. बैल बुजला, दावं ओढायला लागला. न्हाणीत पाणी ओतायचा आवाज एकदम थांबला, तो यंत्र जाईपर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, कापड कावळ्यांसाठी नव्हतं.

यंत्र गल्लीच्या टोकाच्या मास्तरचं. साक्रीला शाळेवर आहे, सुटीला उडवतो. तसाच गेलो.

"मास्तर, हाई काय शे?"

"ड्रोन शे आबा. मना शौक शे. डोंगर, नदी, बठ्ठं गाव दिसस. या, बसा."

खरं सांगतो, भांडायला गेलो आणि त्याच्या मोबाइलवरची चित्रं बघतच बसलो. कुणाच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर, कुरडया, कुणाची मिरची. जन्म गेला गावात, पण वरून कधी पाहिलं नव्हतं. किती वर जातं, कशानं चालतं, सगळं विचारून घेतलं.

"पडनं तर कोणं डोकं फुटी?"

"पडत नही आबा."

"मना बैल बी कधी बुजत नव्हता, आज बुजना. आते मनं घर दखाड."

"इतल्या वरथून माणूस वळखू येत नही, आबा."

"दखाड तर."

त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. आमचं धाबं, बैल, माझं टक्कल. आणि न्हाणीवर हिरवं लुगडं, काठाला ठिगळ. ठिगळ माझ्या बायकोच्या हातचं. तिची सगळी लुगडी तेराव्याला वाटली, असं मी धरून चाललो होतो. खालून मला नुसती कड दिसायची.

मग म्हटलं, लुगडं नव्हतं तेव्हाचं लाव. लावलं. न्हाणीत लाल बादली, साबणाची वडी. बादलीचा तुटका कानसुद्धा. माणूस नव्हतं, नशीब.

"तुन्ही बायको उघड्यावर आंघोळ करस का?"

"आमनं बाथरूम शे, आबा."

"म्हणून तुले सुचनं नही."

त्यानं माझ्यादेखत ते पुसलं. गावावर आणणार नाही, नदीकडे नेईन म्हणाला. नेतो की नाही, ते मी रोज मान वर करून बघतो.

घरी येऊन ओट्यावरूनच, आत न बघता म्हटलं, "सूनबाई, न्हाणीवर पत्रा टाकतो."

मग आतून आवाज आला, "टाका आबा. सासूमायनं लुगडं उन्हमा विरी राह्यनं."

पत्रा टाकला आणि लुगडं सोडलं. नऊवारी एकट्यानं घडी होत नाही. बायको एक टोक माझ्या हातात द्यायची आणि वर मलाच बोलायची. मी टोक धरून परसात तसाच उभा राहिलो. सून आली, तिनं दुसरं टोक उचललं.

"आबा, ताठ धरा," म्हणाली.