घरचा माणूस शेवटच्या पंगतीला

'काऊन?' म्हणजे 'का?', हा प्रश्न देवानं लहान पोरांसाठी निर्माण केला आणि पोरं मोठी झाली की तो परत घेतो, असा माझा समज होता. माझ्या साडूंकडून परत घ्यायचा तो साफ विसरला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. बुलढाण्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. वर्गात पोरं नसली तरी त्यांचं शिकवणं थांबत नाही, ते घरी येऊन आम्हाला शिकवतात. मेव्हणीनं चहाचा कप आधी माझ्या हातात दिला की यांचं सुरू, "आधी साडूभाऊलेच काऊन?" एकदा ती वैतागून म्हणाली, "घ्या हो, तुम्हीच प्या आधी, अन् गप बसा एकदाचे!" तर गडी खूश! "पाहा साडूभाऊ, नियम लिहिलेला कुठीच नसते, पण मोडला की माणूस चिडते. म्हंजे नियम होता न!" चहा दोघांचाही गार झाला.

असले नियम शोधायची त्यांची आवडती जागा म्हणजे एस.टी. स्टँड. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हे आपल्याकडे तान्ह्या लेकरालाही ठाऊक. पण रुमालच काऊन, हे साडूंना छळू लागलं. खामगावच्या गाडीत त्यांनी एकदा रुमालाऐवजी कोथिंबिरीची जुडी टाकली. गाडी खच्चून भरली, पण जुडीवर कोणी बसलं नाही. दुसऱ्या खेपेला लिंबाचा पाला टाकला, तर एक आजीबाई पाला झटकून ऐसपैस बसल्या. खामगावपर्यंत साडू उभ्यानं आले, आणि उतरल्यावर मला आनंदानं सांगू लागले, "कोथिंबीर चालते, पाला चालत नाही. समाजानं ठरवलं आहे हे!" मी म्हटलं, समाजानं तुम्हाला उभं केलं तेवढं कळलं मला.

बीबी गावी एका लग्नात नवरीचे मामा रुसले. माइकवर मानाच्या टोपी-शेल्यासाठी त्यांचं नाव पुकारलं नव्हतं. सगळे मनधरणी करताहेत आणि साडू शेजारी बसून मला समजावताहेत, "एक शास्त्रज्ञ म्हणंल, रुसणं कामाचं आहे, चार माणसं समजूत घालाले येतात, नातं पक्कं होते. दुसरा म्हणंल, टोपी कोणाले भेटते अन् कोणाले नाही, तिथंच सत्ता दिसते. तिसरा म्हणंल, टोपीत काय आहे? माणसं तिले जो अर्थ देतात, तोच खरा." मामांनी हे सगळं कान देऊन ऐकलं, रुसवा विसरले आणि विचारलं, "मंग प्रोफेसर, माहं कोणतं म्हणावं?" त्याच लग्नात साडूंनी मला पंगत वाचायला शिकवली. पाहुणा पहिल्या पंगतीला बसतो. घरचा माणूस बादली घेऊन वाढतो आणि शेवटच्या पंगतीला जेवतो. "कोन केव्हा जेवते ते पाहा, नातं विचारायची गरज नाही."

आता एवढ्या हुशार माणसानं करू नये ती चूक त्यांनी पिंपळगाव राजा या गावी केली. तिथं त्यांचे थोरले भाऊ शेती करतात. वडील गेल्यावर दादांनी स्वतःची शाळा सोडून यांना शिकवलं. समाजशास्त्र म्हणजे काय हे माहीत नसताना, "लोकाइबद्दल आहे न? मंग शीक," म्हणून परवानगी दिली. त्या गावच्या शाळेत साडूंचं व्याख्यान होतं, आणि पहिल्या रांगेत दादा, नवी टोपी घालून. साडू माइकवर म्हणाले, "सत्ता समजून घ्यायला लांब काऊन जावं? हे आमचे दादा. भाजी कोणती करायची, बैल कधी विकायचा, सगळं तेच ठरवतात. विचारत कोणालाच नाहीत." बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वहिनींनी सगळ्यांत जोरात! दादा उठले, चालू लागले, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

साडूंनी सुरुवातीला याचंही शास्त्र सांगितलं. मग सांगेनासे झाले. दिवाळीत नुसते अंगणात येरझारा घालत. त्यात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती हटून बसली, "मोठे बाबा नाही आले तर मी बोहल्यावर चढत नाही."

आम्ही दोघं पिंपळगावला गेलो. दादा ओसरीवर बसले होते. वर न पाहता म्हणाले, "काऊन आला बे? आखीन एक उदाहरन पाह्यजे का तुले?"

ज्याच्याकडे कशाचीही तीन उत्तरं तयार असायची, तो माणूस खाली पायरीवरच बसला. मला फार वाईट वाटलं हो. शेवटी कसंबसं म्हणाले, "दादा, पोरीचं लगन आहे. तू ये न."

"चहा मांडा," दादांनी आत सांगितलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. परतताना साडूंनी वाटेत एकदाही 'काऊन' विचारलं नाही. मी घाबरलोच.

लग्नाला दादा आले. पोरगी रडत रडत बोहल्यावर चढली. पण पंगती बसल्या आणि कोणा शहाण्यानं मानानं दादांना पहिल्याच पंगतीत नेऊन बसवलं. मी वरणाची बादली घेऊन उभा होतो. मांडवाच्या खांबाशी साडूंचा चेहरा उतरलेला मला दिसला. दादा आले होते, पण पाहुणे म्हणून. एवढं वाचायला मला आता शिकवावं लागत नव्हतं.

पत्रावळीवर मीठ आलं, लिंबू आलं. दादांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि उठले. बाह्या सारत थेट माझ्याकडे आले. "आना ते बादली इकडं! पंगत जेवून राह्यली का उपाशी मरून राह्यली? कचेरीतल्या लोकाइले वाढनं जमते का कधी?" आणि "वरन घ्या, वरन!" करत निघाले. साडू आमच्याकडे पाठ करून खांबाचं तोरण नीट करत राहिले. तोरण नीटच होतं.

शेवटच्या पंगतीला दोघं भाऊ मांडीला मांडी लावून बसले. मला राहवेना. "साडूभाऊ, याला कोणता दृष्टिकोन म्हणायचा?"

डोळे भरलेले, खाली मान. "भात वाढा न, साडूभाऊ."

"वाढा, वाढा," दादा म्हणाले. "जलमात पयल्यांदा गप बसला हा."

आता आमच्याकडेही बुफे आला. हातात प्लेट घेऊन सगळे एकदमच जेवतात, कोण पाहुणा आणि कोण घरचा, काही कळत नाही. साडूंना त्याचं वाईट वाटतं. पण कुटुंबातल्या कोणत्याही लग्नात, जिलेबी संपलेली असते, मांडववाले खुर्च्या रचत असतात, तेव्हा दोन म्हातारे प्लेटा घेऊन थंड भाताच्या पातेल्याशी येतात. त्यांना इतका उशीर काऊन झाला, हे कोणी विचारत नाही.