हौसाक्कांचं कुंकू

मागच्या महिन्यात पलूसहून हौसाक्कांच्या पुतण्याचा फोन आला. "आक्का गेल्या, झोपेतच." मग जरा थांबून म्हणाला, "वहिनी, तुमी लवकर या. हितं घोळ झालाय." कसला घोळ, ते त्याने सांगितलं नाही. मी वाईहून एसटीत बसले.

आक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. चार वर्षांपूर्वी सीमेवरच्या चकमकीनंतर माझे पती बेपत्ता झाले, तेव्हा कुठूनसं ऐकून त्या आमच्या दारात आल्या. लग्नानंतर दोनच वर्षांत लढाईवर गेलेला त्यांचा नवराही परतला नव्हता. ना देह मिळाला, ना निरोप. आमच्या घरी सासरे दिवस घालायचं म्हणत होते. आक्का त्यांना म्हणाल्या, "आवं पाव्हणं, कागदावर मेला लिवलंय का? मग तुमी कशापायी मारताय?" तो विषय पुन्हा घरात निघाला नाही.

पुढे दर महिन्याला त्या माझ्यासोबत साताऱ्याच्या सैनिक कल्याण कचेरीत यायच्या. साहेबांना सरळ विचारायच्या, "ह्या महिन्यात शोधाचं काय केलं, त्ये सांगा." इस्लामपूरकडच्या अशाच एका घरीही त्यांचं जाणं-येणं होतं. एकदा मी धीर करून विचारलं, "आक्का, आशा सोडली असती तर सोपं गेलं असतं का?" त्या म्हणाल्या, "मला ठावं न्हाई गं. दुसरं काय करून बघितलंच न्हाई."

पलूसला पोचले तर अंगणात बायकांची वादावादी चाललेली. इतकी वर्षं नवरा नाही, म्हणजे विधवाच, असं काहींचं म्हणणं. कालपर्यंत कुंकू लावत होत्या, सवाष्ण म्हणूनच न्या, असं बाकीच्यांचं. पुतण्याने मला विचारलं, "तुमास्नी काय बोलल्या हुत्या का?" काहीच बोलल्या नव्हत्या. विचारायची माझी कधी छातीच झाली नव्हती. आक्कांचं जे ठरेल ते उद्या माझंही ठरणार होतं.

"काल लावत होत्या तेच लावा," मी म्हणाले.

"म्हंजी त्यो जिता हाय व्हय?" एका म्हातारीने विचारलं.

"माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं."

हिरवं लुगडं नेसवलं. कुंकू मी लावलं. ते जरा तिरकंच लागलं... पुसून नीट करायचं धाडस झालं नाही.

परवा कचेरीत पहिल्यांदाच एकटी गेले. बाकावर आक्का कायम माझ्या डाव्या हाताला बसायच्या. सवयीने मी उजवीकडे सरकून बसले आणि मोकळ्या जागेवर पिशवी ठेवली. कागद छातीशी धरलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली.

"हितं कोण हाय का?"

'नाही' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. मी नुसती पिशवी उचलून मांडीवर घेतली.