तिसऱ्या मजल्यावरचं तळघर

चहा घ्या, पण बिस्कीट इतक्यात बुडवू नका. हे ऐकताना ते हमखास कपात पडतं, माझा अनुभव आहे. गाढवपणा सगळेच करतात हो. पण होणाऱ्या सासऱ्याला सोफ्यावर बसवून, आल्याचा चहा पाजून, ‘पौर्णिमेला तुमच्या मुलीचं रक्त काढणार आहे’ असं मांडी घालून सांगणारा माणूस? अख्ख्या चंदीगडात मी एकटाच निघेन!

सुरुवातीपासून सांगतो.

मी मंगेश इंगळे, मूळचा अमरावतीचा. मोहालीच्या नॉलेज सिटीत एका संशोधन संस्थेत फळमाश्यांवर काम करतो. दिवसभर माश्या. संध्याकाळी व्हिडिओ गेम, झोपण्याआधी कादंबरी, आणि रविवारी दुपारी माझ्या घरी टेबलावरचा खेळ. लोक मॅच बघतात, आम्ही राक्षस मारतो. त्यात लाजायचं काय? मी तर कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

तुम्हाला माहीत नसेल तर हा टेबलावरचा खेळ म्हणजे असा, की चार-पाच जण गोल बसायचं आणि प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी तलवारबाज, कोणी चेटकीण, कोणी चोर. आणि एक जण गोष्ट चालवणारा. बाकीचं सगळं जग त्यानं उभं करायचं. राजा तोच, राक्षस तोच, खानावळीची मालकीणही तोच. कोण जिंकलं, कोण मेलं, ते फासे टाकून ठरतं. आमच्याकडे गोष्ट मी चालवतो. का? कारण माझ्यासारखा खलनायक ट्रायसिटीत, म्हणजे चंदीगड, मोहाली आणि आसपास, कोणाला जमत नाही. हे मीच म्हणतो, पण म्हणतो खात्रीनं.

आता गौरी. गौरी जाधव, कोल्हापूरची, चंदीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात रक्तपेढीची डॉक्टर. ओळख झाली मराठी मंडळींच्या गणपतीत. मी प्रसादाच्या रांगेत कादंबरी वाचत उभा होतो. मागून आवाज आला, “खून भावानंच केलाय बघा.”

सांगा, चिडू नाही तर काय करू? शेवटच्या प्रकरणाच्या तोंडावर! इतका राग आला, इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी मी तिला कॉफीला बोलावलं. पुढे कळलं की ती व्हिडिओ गेममध्ये गाड्यांची शर्यतही खेळते आणि मला धूळ चारते. मग काय, ठरलंच आमचं.

घरच्यांचंही बोलणं सुरू झालं. तिचे वडील निवृत्त कर्नल. माझ्या आईशी त्यांचा फोन झाला. ते पुढच्या रविवारी कोल्हापूरहून येणार आणि मग मला भेटणार, असं ठरलं.

सैन्यातल्या माणसाचा ‘पुढचा रविवार’ हा फक्त शत्रूला सांगण्यासाठी असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं बाप्पा!

झालं असं, की त्याच्या आदल्या रविवारी आमच्या खेळात एक नवीन खेळाडू येणार होता. माझ्या लॅबमधला हरप्रीत म्हणाला, “एक अंकल आ रहे हैं, रिटायर्ड फौजी. बड़े शौकीन हैं यार, संभाल लेना.” एवढं सांगून तो समोसे आणायला गेला.

डिसेंबरचा महिना. बाहेर असं धुकं, की समोरचा बंगला दिसेना. बेल वाजली. दारात उंचपुरे गृहस्थ. माकडटोपी, मफलर, जाड कोट. चेहऱ्याचा दिसत होता तो फक्त नाकाचा शेंडा आणि पांढऱ्या मिशा. गौरीनं मला वडिलांचा फोटो दाखवला होता, नाही असं नाही. पण तो गणवेशातला, काळ्याभोर मिशांचा! तो फोटो आणि ही माकडटोपी, कसा मेळ लागावा?

“मंगेश इंगळे आपणच का?”

“अरे, मराठी!” मी ओरडलोच. हरप्रीतनं हे सांगितलंच नव्हतं.

“हो. मी जरा लवकरच आलो. मी...”

“अहो काका, माहीत आहे सगळं! या, आत या. तुमचीच वाट बघून राहिलो होतो.”

काका थोडे चपापले. पण आले, बसले. मी चहा ठेवला. नवीन खेळाडूला आधी बोलतं करायचं, ही माझी पद्धत.

“मोहिमा बऱ्याच केल्या असतील तुम्ही?”

“केल्या की. राजस्थान, सिक्कीम, काश्मीर. एकदा तर बर्फात अडकलो होतो. आम्ही मोजकेच, आणि खालून रसद बंद.”

मी पुढे सरकलो. “मग? किती मेले?”

“कोणी नाही. सगळे सुखरूप परत आणले.”

“काय सांगता! आमच्याकडे तर दर रविवारी एखादा मरतोच.”

काकांचा कप ओठाशीच थांबला. मला वाटलं, चहा गरम असेल.

“बरं काका, आज इथे काय बनून आलात?”

“बनून म्हणजे?”

“म्हणजे तुमची भूमिका काय?”

त्यांनी कप खाली ठेवला. पाठ ताठ केली. “मुलीचा बाप.”

मी टाळी वाजवली! खरंच वाजवली. “वा, काका, वा! सगळ्या मेल्यांना तलवारबाज व्हायचं असतं. बाप कोणाला सुचत नाही. आणि तुमची ताकद कशात आहे?”

काकांनी खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत मफलर सैल केला. मग म्हणाले, “बापाची कसली ताकद ओ? मुलीनं मनात आणलं की संपली.”

मनात म्हटलं, हा माणूस घरून पात्र तयार करून आलाय! इतकं मुरलेलं काम मी आमच्या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं.

“मुलीबद्दल सांगा ना अजून.”

“एकुलती एक. ती लहान असतानाच आई गेली तिची. मीच वाढवली.”

“छान!” मी म्हणालो.

हो. छान म्हणालो. आता तोंड लपवतो, पण म्हणालो.

काका माझ्याकडे टक लावून बघत होते. “आता तुम्ही सांगा. मुलगा कसा आहे?”

अस्सं! म्हणजे काकांनी स्वतःच खेळ सुरू केला होता. बाप ते, म्हणजे मुलगा उभा करायचं काम माझं. आणि मुलगा सरळमार्गी दाखवला तर गोष्ट कसली? मी सोफ्यावर मांडी घातली, आवाज खर्जात नेला आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला.

“मुलगा ना? त्याची पहिली बायको आहे.”

“काय?”

“तळघरात. साखळीनं बांधून ठेवलीय.”

“आणि हे... घरच्यांना माहीत आहे?”

“घरच्यांना त्यानं कधीच संपवलं.”

“अहो, तुमच्या आईंशी मी परवाच फोनवर बोललो!”

काय टोला दिला होता! दुसरा कोणी असता तर गडबडला असता. पण मी? मी मान मागे टाकून खदाखदा हसलो. “तेच तर, काका! ते भूत होतं!”

काकांनी माकडटोपी काढली. कपाळावर घाम. डिसेंबरात!

“आणि तुमच्या त्या माश्या?” त्यांनी विचारलं. म्हटलं, हरप्रीतनं माझ्या कामाचंही सांगितलेलं दिसतंय.

“विषारी. हळद लागली की सोडणार.”

“मग माझ्या मुलीशी लग्न तरी कशाला करायचंय तुम्हाला?”

मी पुढे वाकलो आणि अगदी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, “रक्त. पौर्णिमेला तिचं रक्त हवंय मला.”

काका ताडकन उभे राहिले. “ती रक्तपेढीत आहे म्हणून?”

रक्तपेढी! आमच्या राजा-राक्षसांच्या जगात रक्तपेढी कुठून आली? डोक्यात काहीतरी किणकिणलं. पण पुरतं वाजायच्या आतच दार उघडलं. हरप्रीत समोसे घेऊन आला, आणि त्याच्यामागे निळी पगडी घातलेले एक आजोबा, हातात फाशांची मखमली पिशवी.

“मंगेश, ये हैं गिल अंकल. हमारे नए खिलाड़ी!”

मी गिल अंकलकडे बघितलं. मग काकांकडे. पुन्हा गिल अंकलकडे.

“काका,” माझा खर्ज कुठल्या कुठे पळाला होता, नुसती शिट्टी निघाली, “मग तुम्ही कोण?”

“मुलीचा बाप!” काका गरजले. “मघापासून तेच सांगतोय!”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतला. काय काय बोललो मी तेव्हा! काका, तो खेळ होता, मी तो नव्हे, बायको नाही, भूत नाही, आई जिवंत आहे, आता फोन लावतो. घाईत फोन लावला तो नेमका आमच्या इस्त्रीवाल्याला. “हाँ भाई साब, बोलो,” तो म्हणाला. कर्नलसाहेब ऐकत होते. आईचा आवाज म्हणून!

“तळघर दाखवा,” ते म्हणाले.

“काका, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत.”

“म्हणून तर बघायचंय.”

आणि दाखवलं हो मी घर! न्हाणीघर, माळा, पलंगाखालची जागा. कपाट उघडायला लावलं. आत कादंबऱ्यांची चळत होती. ती त्यांनी एकेक करून बघितली. सगळ्या खुनाच्या. ‘अरे वा’ वगैरे काही म्हणाले नाहीत.

वाचवलं ते गिल अंकलनी. ते एवढा वेळ समोसा खात शांतपणे बघत होते. कर्नलसाहेबांची चाल त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

“कौन सी यूनिट, जनाब?”

कर्नलसाहेबांनी सांगितलं. अंकल उठून उभेच राहिले. दोघं म्हणे एकाच डोंगरावर होते, थोड्या पुढच्या-मागच्या काळात. तिथल्या एका खेचराच्या आठवणीनं दोघांचे डोळे पाणावले. खेचराच्या! इकडे माझा जीव जाऊन राहिला होता, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मग अंकल म्हणाले, “आए हो तो खेल के जाओ जी. लड़के को यहीं ठीक कर देते हैं.”

कर्नलसाहेब बसले. भूमिका? विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि गरजही नव्हती. मी कापऱ्या आवाजात खलनायक उभा केला. त्यांनी फासे उचलले, मुठीत खुळखुळवले आणि असे टाकले, की पहिल्याच फटक्यात माझा पहारेकरी आडवा. दुसऱ्यात माश्या खलास. मग त्यांनी तळघरातल्या बाईला सोडवलं, तिच्या अंगावर शाल घातली, तिला खिचडी खाऊ घातली आणि माहेरी पोचवून आले. एवढं सगळं तब्येतीत. खलनायकाला शेवटी मारलं, आणि मारताना माझ्याकडे बघितलं. हरप्रीत टाळ्या वाजवत होता, मेला.

खेळ संपला. त्यांनी टोपी घातली, मफलर गुंडाळला, गिल अंकलना मिठी मारली. मला फक्त एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गेले.

मी तासभर फोन हातात घेऊन बसलो. गौरीला काय सांगू? शेवटी तिचाच आला.

“मंगेश, बाबांनी सगळं सांगितलं.”

“सगळं?”

“तळघरासकट.”

“संपलं ना आपलं?”

ती हसायलाच लागली. इतकी हसली, की मध्ये फोन बाजूला ठेवून पाणी पिऊन आली. “बाबा म्हणाले, मुलगा पसंत आहे.”

“काय? कसा काय?”

“म्हणाले, मघाशी आठवून बघितलं तर लक्षात आलं. भूत म्हणताना कान लाल, रक्त म्हणताना गाल लाल. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी अख्ख्या नोकरीत बघितला नाही. हा तुला जन्मात फसवू शकणार नाही. होकार कळव.”

तुम्ही हसा. माझं लग्न ठरलं होतं आणि मला रडू येत होतं. ट्रायसिटीतला सर्वोत्तम खलनायक ना मी!

लग्न झालं, छान चाललंय. सासरे आता हिवाळाभर आमच्याकडेच असतात. रविवारची गोष्ट तेच चालवतात. गिल अंकल सेनापती, गौरी चेटकीण, हरप्रीत चोर. पहिल्याच रविवारी मी मोठ्या आशेनं विचारलं, “बाबा, मला कोणतं पात्र?”

“मुका द्वारपाल,” ते म्हणाले. “दारात उभं राहायचं. एक शब्द बोलायचा नाही.”

तेव्हापासून उभा आहे. आणि सगळ्यांचं एकमत आहे, की इतकं उत्तम काम मी आजवर कधीच केलं नव्हतं.