जुन्या तारखेचा कॉम्प्युटर

आमच्या कंपनीत लागलेल्या प्रत्येक नव्या माणसाला दुपारपर्यंत भंगारशेठकडे जावंच लागायचं. सकाळी तो नाव ऐकून हसायचा, आणि जेवायच्या सुट्टीआधी रडकुंडीला येऊन त्यांच्याच टेबलापाशी उभा असायचा.

आम्ही घरी झोपून असलेल्या पेशंटसाठी ऑक्सिजनची मशीन बनवतो. मशीनच्या पोटात तळहाताएवढा बोर्ड असतो आणि त्यावर एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. प्रोग्रॅम लिहायचा साध्या कॉम्प्युटरवर, आणि मग कंपायलर त्याचं त्या बोर्डाला कळेल असं रूपांतर करतो. याला बिल्ड म्हणतात. त्यासाठी कंपायलर, लायब्रऱ्या, स्क्रिप्ट अशी वीस-पंचवीस हत्यारं लागतात, आणि प्रत्येकाची आवृत्ती ठरलेली असते. एक जरी पुढची-मागची झाली की घोडं अडलंच. नवी मंडळी उत्साहाच्या भरात सगळं ताजं ताजं डाउनलोड करायची. शेठ यायचे, सगळं पुसून टाकायचे आणि पहिल्यापासून बसवायला घ्यायचे. एकेक, क्रमाने, ओठ हलवत. जप चाललाय असं वाटायचं.

भंगारशेठ हे नाव पडलं ते त्यांच्या कपाटामुळे. जुन्या डिस्क, पिवळ्या पडलेल्या वायरी, झाकण नसलेले कॉम्प्युटर, काय म्हणाल ते त्यात होतं. शनिवारी हा माणूस भंगारवाल्यांकडे चकरा मारायचा आणि सोमवारी पिशवी भरून आणायचा. आणलेल्यातलं नव्वद टक्के बंदच असायचं.

मी चाचणी विभागात. दुसऱ्याने खपून बनवलेलं मशीन बंद पाडून दाखवायचं, हे माझं काम. ते तुझ्या स्वभावाला शोभतं, असं माझा नवरा म्हणतो. त्यामुळे शेठच्या कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरची तारीख नऊ वर्षं मागे आहे हे माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

"शेठ, तुमच्या या डब्याचा सेल गेलाय. तारीख बघा. टाकू का नवा?" असं म्हणून मी हात पुढे केला.

त्यांनी माझं मनगट धरलं. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण या माणसाने कधी फाइल देतानासुद्धा माझ्या बोटांना बोट लागू दिलं नव्हतं.

"राहू द्या. मुद्दाम ठेवलीय," ते म्हणाले.

मला राग आला. मी चार शब्द सुनावलेही. संध्याकाळी चहा घेऊन ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी मला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं कितीदा तरी वाटलं.

घरी ते, त्यांची आई आणि मोठी बहीण, अशी तीन माणसं. आईची फुप्फुसं गेलेली, म्हणून आमच्याच कंपनीचं मशीन तिच्या उशाशी. नळी दबली किंवा हवा कमी पडली की मशीनचा अलार्म वाजायचा. पण तेव्हाच्या मॉडेलचा अलार्म भलताच हळवा होता. आई कुशीवर वळली तरी बोंब. दिवसातून पंधरा-वीस वेळा. ताई येऊन बटण दाबून त्याला गप्प करायची आणि आई जागी ती जागीच राहायची. शेठना ते बघवेना. एका संध्याकाळी त्यांनी ऑफिसात बसून प्रोग्रॅममध्ये थोडे बदल केले, नवा बिल्ड केला आणि घरी नेऊन मशीनमध्ये घातला. कोणाला विचारलं नाही, कोणाकडून तपासून घेतला नाही.

"तुम्हाला दिला असता तर तुम्ही आठ दिवस लावले असते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आईला तीन आठवडे झोप नव्हती."

चौथ्या दिवशी दुपारी नळी पलंगाच्या पायाखाली अडकली. शेठ ऑफिसात होते, ताई स्वयंपाकघरात. फोन आला म्हणून ते घरी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यांनी ताईला विचारलं, अलार्म वाजला का? ताई म्हणाली, नाही वाजला.

त्या ‘नाही’ने शेठना धरलं ते धरलंच. त्यांनी त्या बिल्डसाठी नुकताच निघालेला कंपायलर बसवला होता, आणि त्यांचा सगळा संशय त्याच्यावर होता. कंपायलर कधी कधी नको इतका हुशार असतो. एखादी तपासणी त्याला बिनकामाची वाटली तर तो ती परस्पर गाळून टाकतो, लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अलार्मची तपासणी अशीच गाळली गेली असेल का? मशीनला विचारावं तर सर्व्हिसवाल्यांनी ते नेलं आणि नियमाप्रमाणे त्यात कंपनीचा नेहमीचा प्रोग्रॅम घातला. ऑफिसातली हत्यारं शेठनी स्वतःच पुढच्या आठवड्यात पुसून नवी बसवली होती. तेरावं व्हायच्या आत कामावर आलेला माणूस, समोर आलं ते करत गेला. लिहिलेला प्रोग्रॅम राहिला होता, पण त्यातून झालेला बिल्ड जगात कुठे उरला नव्हता. उरली होती फक्त मशीनच्या झाकणाच्या आतली चिठ्ठी. प्रत्येक बिल्डची आठ अक्षरी खूण निघते, ती लिहून आत चिकटवायची आमच्याकडे पद्धत आहे. चोरून केलेल्या बिल्डचीही शेठनी इमानदारीत चिकटवली होती.

तर ही आठ अक्षरं पुन्हा जुळवायची, असा त्यांचा ध्यास. तीच हत्यारं, त्याच आवृत्त्या, त्याच नावाचा फोल्डर. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सगळी खूण बदलते. आणि बिल्ड केल्याची तारीख-वेळ प्रोग्रॅममध्येच शिवली जाते, म्हणून घड्याळही त्याच संध्याकाळचं लागतं. तारीख आणि मिनिट चिठ्ठीवर होतं, सेकंद नव्हता. म्हणजे दर वेळी साठ बिल्ड, एकेक सात मिनिटांचा.

"दर वेळी चालू केला की तीच संध्याकाळ," शेठ म्हणाले. "आई घरी वाट बघत असते. अजून चार दिवस असतात."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची फिरवून घेतली. तो पडदा डोळ्यांसमोर नको वाटायला लागला. तरी मागे पंखा सुरू झाल्याचा आवाज आला की माझ्या मनात यायचं, झाली संध्याकाळ, आली ती माउली परत. शेठ मात्र त्या कॉम्प्युटरकडे जाताना चपला काढायचे. त्यांना ते स्वतःला माहीत नसावं.

घोडं अडलं होतं ते त्या कंपायलरपाशी. तो जेमतेम अकरा दिवस बाजारात होता, मग बनवणाऱ्यांनी काही दोष निघाला म्हणून मागे घेतला. शेठना तर त्यामुळे खात्रीच वाटायला लागली. त्यांनी किती जणांना पत्रं लिहिली त्याची गणती नाही. शेवटी तो सापडला एका कॉलेजच्या लॅबने भंगारात काढलेल्या डिस्कवर. ज्या भंगारावरून आम्ही नऊ वर्षं खिदळलो, त्यातच.

दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात कागद, चेहरा पांढराफटक.

"जुळली," ते म्हणाले. "एकेचाळिसाव्या सेकंदाला."

मी अभिनंदन करणार होते. त्याऐवजी कागद हातात घेऊन ती आठ अक्षरं वाचली.

"घरी याल का सुट्टीच्या दिवशी? एकाने नळी दाबायची, एकाने घड्याळ बघायचं. मला एकट्याला नाही जमायचं."

इथेच लॅबमध्ये करू, असं मी म्हणायला हवं होतं. मी तसं म्हटलं नाही. गेले.

आईची खोली लहानशी, स्वच्छ. पलंगावर धुतलेली चादर, उशाशी मशीन. शेठनी ते पुढे सर्व्हिसवाल्यांकडून मागून परत आणलं होतं. ताईने मला पाणी दिलं. साठीची उंच बाई, पदराला हात पुसत बोलायची सवय. "ऑफिसचं थोडं काम आहे," असं शेठनी तिला मोघम सांगितलं. तिने मशीनकडे एकदा बघितलं आणि ती भांडी घासायला आत गेली.

शेठनी बिल्ड मशीनमध्ये घातला आणि मशीन सुरू केलं. मी नळी दुमडून मुठीत घट्ट दाबली.

"वाजणार नाही," शेठ पुटपुटले. "बघा तुम्ही."

बाराव्या सेकंदाला अलार्म वाजला. चांगला खणखणीत, शेजारपाजारी ऐकू जाईल असा.

शेठ पलंगावर मटकन बसले. "वाजला हो," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले, रडता रडता हसायलाही लागले. "वाजला. कंपायलर बरोबर होता. माझा बिल्ड बरोबर होता." क्षणभर वाटलं, सुटला बिचारा.

तेवढ्यात ताई आतून आली. हात साबणाचे, ओले. ती सरळ मशीनपाशी गेली आणि न बघता, बरोबर जागेवर बोट नेऊन तिने बटण दाबलं. मशीन गप्प झालं. नळी अजून माझ्या मुठीत होती.

शेठ तिच्याकडे बघत राहिले. "ताई, त्या दिवशी..."

"वाजला होता," ताई म्हणाली.

ती उभीच होती. हातावरचा साबण खाली टपकत होता.

"मी आले. आई कुशीवर होती, मला वाटलं डोळा लागलाय. तू सांगितलं होतंस ना, उगाच वाजतो, दाबत जा बटण. तसं दाबलं. म्हटलं परत वाजला तर नीट बघते. वीस-पंचवीस मिनिटांनी चहा घेऊन आले, तोवर आई गेलेली होती. परत वाजलाच नाही."

"मग नाही वाजला असं का म्हणालीस?"

"तू दारातून आलास आणि आईला हात लावायच्या आधी तेच विचारलंस. मी घाबरले रे. उद्या सांगेन म्हटलं. मग तू ते सामान गोळा करायला लागलास, आणि रोजचं उद्यावर गेलं."

शेठ उठून तिच्याजवळ जात होते. मला वाटतं, ते तिला काही लागेल असं बोलणार नव्हते. पण माझं डोकं त्या एका वाक्यावर अडकलं होतं. परत वाजलाच नाही. आमच्या प्रत्येक मशीनमध्ये बटण दाबलं की अलार्म फक्त दोन मिनिटं गप्प राहतो आणि बिघाड तसाच असेल तर परत वाजतो. मी घड्याळ बघितलं. बटण दाबून साडेचार मिनिटं झाली होती.

"शेठ," मी म्हटलं, "दोन मिनिटं कधीच होऊन गेली."

ते थांबले. मशीनकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तीस," ते म्हणाले. "दोनाचे तीस मी केले होते. आईला जरा झोप लागावी म्हणून."

नऊ वर्षं हा माणूस तो प्रोग्रॅम ओळीओळीने वाचत होता. पण अलार्म वाजलाच नव्हता असं एकदा धरल्यावर तो किती वेळ गप्प राहतो, याला काय अर्थ? ती ओळ त्यांनी प्रत्येक वेळी ओलांडली. माझ्याकडे तो बिल्ड आला असता तर पहिल्या दिवशी मी तीच ओळ धरली असती. हे माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं.

ताईला काही कळेना. शेठनी तिला खुर्चीवर बसवलं.

"तो दोन मिनिटांनी परत वाजायचा, ताई. मी त्याला गप्प करून ठेवला होता."

"परत वाजला असता?"

"हो."

"मग मी बघितलं असतं नीट."

"हो, ताई. तू बघितलं असतंस."

माझा हात भरून आला होता, बोटं सैल पडायला लागली.

"सोडू नका," शेठ म्हणाले. "तीस मिनिटं होऊ देत पुरी."

मग आम्ही तिघं बसून राहिलो. शेठ घड्याळाकडे बघत होते, ताई पलंगाकडे. इतका मोठा अर्धा तास मी आयुष्यात काढलेला नाही. कोणी मरायला तेवढा वेळ किती पुरेसा असतो हे त्या खोलीत बसून कळतं.

तिसाव्या मिनिटाला मशीन परत वाजलं. ताई उठली. तिने बटणाला हात लावला नाही. माझी बोटं एकेक करून उघडली आणि नळी मोकळी केली. हवा सुरू झाली आणि अलार्म आपोआप थांबला.